तुळजापूरचा घाट आणि मोटारीचा ब्रेक

सोलापुराहून तुळजापुरास जाणारी सडक बालाघाटाच्या कडेशीं पोहोंचली कीं वळणें घेत वर चढूं लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून ४५० मीटरांहून थोडें अधिक उंच, तर तुळजापूर सुमारें ६५० मीटरांवर. सह्याद्रीशीं तुलना केली तर हा चढ कांहींच नव्हे. खंडाळ्याचा किंवा आंबेनळीचा घाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याला घाट म्हणावें कीं नाहीं, असाच प्रश्न पडेल. परंतु या वाटेनें जाणाऱ्या गाड्यांत परगांवच्या घरगुती मोटारी पुष्कळ दिसतात. तुळजाभवानी ही महाराष्ट्रांतील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. लग्नकार्य पार पडलें कीं नवें जोडपें दर्शनास आणावयाचें, नवरात्रांत सहकुटुंब जावयाचें, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा. गाडींत चालवणाऱ्याशेजारीं घरांतील वडील माणूस, मागें बायकामुलें, त्यांच्यामागें ओटीचें सामान व फराळाचे डबे, असा भार भरलेला असतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापुराकडून सहस्रावधि माणसें पायीं चालत तुळजापुरास जातात. अशा ठिकाणीं गाडीचा ब्रेक कसा आहे याची चौकशी गाडींत बसणाऱ्यांनीं जितकी करावी, तितकीच रस्त्यानें चालणाऱ्यांनींहि करावयास हरकत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे २०२३ सालापर्यंत सरकारदप्तरीं ज्याचें नांव उस्मानाबाद होतें त्या जिल्ह्यांत, उताराची वाट ही एकच नव्हे. येडशीजवळ रामलिंगाच्या रानांतून बार्शीकडे उतरणारा घाट आहेच. पठाराच्या कडेवरून खालीं येतांना पुष्कळांस एक मोह होतो. गाडी आपोआप धांवते आहे, मग इंजिन कशाला चालूं ठेवावें? चावी फिरवून तें बंद करावें, गिअर काढून टाकावा आणि पेट्रोल वाचवावें! ही काटकसर जुन्या कार्बुरेटरच्या काळांतील आहे. इंजेक्शन पद्धतीच्या गाडींत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर उतारावर इंजिनास जाणारें पेट्रोल यंत्र आपण होऊनच तोडतें. तेव्हां वाचत कांहीं नाहीं, आणि जातें तें मात्र मोलाचें. पहिल्या वळणावर ब्रेक नेहमींसारखा लागतो. दुसऱ्या वळणावरहि लागतो, पण पेडल किंचित् जड वाटतें. तिसऱ्या-चौथ्या वेळीं पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो, आणि चालवणारा ओरडतो, "ब्रेक फेल!"

वस्तुतः ब्रेक फेल झालेला नसतो. तेल जागच्या जागीं असतें, चाकांतील पट्टे शाबूत असतात. हरवलेली वस्तु म्हणजे एका गोल डब्यांतील पोकळी. इंजिन बंद केल्यानें ती संपते हें खरेंच. पण डब्याला, त्याच्या नळीला अथवा झडपेला कोठें बारीकसें छिद्र पडलें असेल, तर इंजिन चालूं असतांनाहि ती हळूहळू निसटून जाते. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्यांत चालवणाऱ्याचा कांहीं अपराध नसतो आणि त्याला कल्पनाहि नसते.

मोटारीचें पुढील झांकण उघडून चालकासमोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे पाहिलें, तर थाळीएवढा काळा चपटा डबा दिसतो. त्याच्या पुढच्या अंगास ब्रेकच्या तेलाची टाकी व मास्टर सिलिंडर, आणि मागें, भिंतीपलीकडे, पेडलाचा दांडा. मिस्त्रीमंडळी या डब्यास बूस्टर म्हणतात. इंजिनाकडून एक जाड नळी डब्यास येऊन मिळते, आणि ती मिळते त्या ठिकाणीं अथवा नळीच्याच मध्यें एक लहानशी एकमार्गी झडप असते. हवा डब्याकडून इंजिनाकडे जाऊं द्यावयाची, उलट येऊं द्यावयाची नाहीं, एवढेंच तिचें काम.

डब्याच्या आंत रबराचा पडदा आहे व त्यानें डब्याचे दोन कप्पे केले आहेत. पेट्रोल इंजिन चालूं असतांना हवा ओढून घेतें. पण वाटेंतील ॲक्सिलरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असल्यानें पलीकडे मॅनिफोल्डमध्यें हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां पुष्कळ कमी राहतो. ही ओढ नळीवाटे डब्यापर्यंत पोहोंचते आणि दोन्ही कप्प्यांतील बरीचशी हवा निघून जाते. पेडल वर असेपर्यंत पडद्याच्या दोन्ही अंगांस सारखीच पोकळी, म्हणून पडदा स्वस्थ. पेडल दाबलें कीं प्रथम दोन कप्प्यांमधील वाट मिटते, मग मागील कप्प्याचें दार उघडून गाडींतील हवा आंत शिरते. पुढें पोकळी आणि मागें हवा, अशी स्थिति झाली म्हणजे हवा पडद्यास पुढें रेटते व चालकाच्या पायास तिचें बळ मिळतें. पाय जेथें थांबला तेथें तें दारहि मिटतें आणि सर्व तोलून राहतें. पाय उचलला कीं मागील हवा मधल्या वाटेनें पुढें जाऊन इंजिनांत ओढली जाते, व दोन्ही कप्पे पुन्हां सारखे होतात. ही तोलून राहण्याची स्थिति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढील परीक्षांपैकीं सर्वांत कसाची परीक्षा तिच्यावरच आधारलेली आहे.

हवेचा हा रेटा किती असतो, याची कल्पना सहसा कोणास नसते. रंगपंचमीच्या पिचकारीचें तोंड बोटानें बंद करून दांडा मागें ओढला व सोडून दिला, तर तो झटकन् आंत जातो, हें लहान मुलासहि ठाऊक आहे. दांड्यास आंत ओढणारें पिचकारींत कांहीं नसतें. बाहेरची हवाच त्यास ढकलीत असते. सतराव्या शतकांत मॅग्डेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके यानें धातूचे दोन अर्धगोल एकमेकांस लावून आंतील हवा काढून घेतली, तेव्हां घोडे जुंपूनहि ते सुटेनात. बूस्टरच्या पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर धरला तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४१५ चौरस सेंटिमीटर होतें. निर्वात मोजण्याच्या मापकावर पाऱ्याचे २० इंच दिसत असतील, तर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.६९ किलोचा भार पडतो. म्हणजे सगळ्या पडद्यावर जवळजवळ २८५ किलो. चार धिप्पाड माणसांचें हें वजन ज्या दांड्यावर नेहमीं हजर असतें, तें एके दिवशीं एकाएकीं नाहींसें झालें तर एकट्या पायाची काय अवस्था होईल? गुडघे दुखणाऱ्या वडील माणसाची किंवा अंगानें किरकोळ असलेल्या चालकाची तर अधिकच.

वर दिलेला आंकडा मुंबईचा झाला. तुळजापूर-धाराशिवच्या पठारावर बाहेरची हवाच थोडी विरळ, म्हणून तिचा रेटाहि थोडा उणा. ढोबळमानानें दर ३०० मीटर उंचीस मापकाचा कांटा एक इंच कमी दाखवितो. मुंबईस २० इंच दाखविणारी निरोगी गाडी तुळजापुरास १८ च्या आसपास दाखवील, आणि तिच्या पडद्यावरील भार २८५ ऐवजीं २६० किलोंच्या घरांत येईल. यांत गाडीचा दोष नाहीं. समुद्रकांठचा आंकडा डोळ्यांपुढें ठेवून येथील मिस्त्रीनें डबा बाद ठरविला, तर मालकास विनाकारण भुर्दंड पडेल. उलट येथें १३ इंच दिसले आणि "पठारावर एवढें चालायचेंच" म्हणून सोडून दिलें, तर त्याची भरपाई उतारावर करावी लागेल.

ब्रेकला हवेचें साह्य देण्याची कल्पना १९२० नंतरच्या दशकांत मोटारींत रूढ होऊं लागली. बेल्जियमचा अल्बर्ट देवांद्र हा तिच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक. आगगाडीनें निर्वाताचा उपयोग त्याच्या पुष्कळ आधीं केला होता. भारतांतील रेल्वेगाड्या अनेक दशकें निर्वात ब्रेकवरच धांवल्या, आणि वयस्क श्रोत्यांना गार्डाच्या डब्यांतील मापकाचा कांटा आठवत असेल. मात्र आगगाडींतील योजना नेमकी उलट होती. तेथें नळींतील निर्वात ब्रेक सोडवून धरीत असे. डब्यांतील सांखळी ओढली कीं नळींत हवा शिरे, आणि हवा शिरली कीं ब्रेक लागत. म्हणजे आगगाडींत गळती झाली तर गाडी थांबे. मोटारींत गळती झाली तर गाडी थांबविणें कठीण होतें. आगगाडीची गळती स्वतःच ओरडून सांगत असे. मोटारीची गळती शोधावी लागते.

ती शोधण्यास प्रारंभीं कोणतेंहि हत्यार लागत नाहीं. गाडी सपाट व मोकळ्या जागीं उभी करावी. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायु कळूं न देतां घात करतो. हँडब्रेक ओढावा, गिअर काढावा, चाकांस दगड लावावेत. घरांतील दोघे असले तर उत्तम. एकानें पेडलाशीं बसावें, दुसऱ्यानें झांकण उघडून कान द्यावा.

पहिली परीक्षा अशी. इंजिन बंद असतां पेडल पांच-सहा वेळां पूर्ण दाबून सोडावें. डब्यांत शिल्लक असलेली पोकळी यानें संपते व पेडल कडक होतें. मग तें बेताच्या जोरानें दाबून धरावें आणि पाय न हलवितां इंजिन सुरू करावें. डब्यास ओढ मिळाली कीं पेडल पायाखालीं आपण होऊन थोडेसें खालीं जातें. पुढील माणसानें हात पुढें करावा तसा हा स्पर्श असतो, आणि एकदां अनुभवला म्हणजे विसरत नाहीं. पेडल जागचें हललें नाहीं, तर ओढ डब्यापर्यंत येत नाहीं किंवा येऊन टिकत नाहीं. नळी निसटली आहे, चेपली आहे, झडप तुंबली आहे, अथवा पडदाच फाटला आहे, यांपैकीं कांहींहि असूं शकेल. ही परीक्षा साह्य मिळतें कीं नाहीं एवढेंच सांगते. बारीक गळती तिला सांपडत नाहीं, कारण चालूं इंजिन थोडीफार गळती सहज भरून काढतें.

म्हणून दुसरी परीक्षा इंजिन थांबवून करावयाची. इंजिन एक-दोन मिनिटें चालवून बंद करावें, थोडा वेळ थांबावें, आणि पेडल सावकाश तीनदां दाबावें. पहिल्या वेळीं तें सर्वांत खोल जावें, दुसऱ्या वेळीं त्याहून कमी, तिसऱ्या वेळीं आणखी कमी. हा उतरता क्रम म्हणजे सांठा होता व तो वापरला गेला याची खूण. पहिल्याच दाबास पेडल कडक लागलें आणि तिन्ही वेळां तेथेंच अडलें, तर सांठा आधींच निसटला होता. येथें दोष बहुधा एकमार्गी झडपेचा, तिच्याभोंवतालच्या रबरी कड्याचा किंवा डब्याच्या सांध्याचा असतो. कित्येक चोखंदळ माणसें रात्रीं बंद केलेल्या गाडीचें पेडल सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं दाबून पाहतात. पहिला दाब मऊ लागला तर डबा घट्ट आहे असें खुशाल समजावें. मात्र सांठा सकाळपर्यंत टिकला नाहीं, एवढ्याच पुराव्यावर त्यास बाद करूं नये.

तिसरी परीक्षा खरी कसाची. इंजिन चालूं असतां पेडल दाबून धरावें, तसेंच धरून इंजिन बंद करावें, आणि घड्याळांत पाहून ३० सेकंद पाय एकाच जोरानें ठेवावा. या अवकाशांत पेडल तसूभरहि हलतां कामा नये. वर सांगितलेली तोलून राहिलेली स्थिति ती हीच: पुढें पोकळी कोंडलेली, मागें हवा कोंडलेली, दोहोंमधील वाटा मिटलेल्या. पडद्यास चीर असेल तर मागील हवा तिच्यांतून पुढें झिरपते, रेटा ओसरतो, आणि पेडल पायाला हळूहळू वर उचलतें. झडप गळत असेल तरीहि तसेंच होतें. म्हणून पडद्यास दोष देण्यापूर्वीं झडप तपासून घ्यावी. याच वेळीं पेडल वर न येतां सावकाश खालीं जाऊं लागलें, तर तो प्रकार निराळा. वर येणारें पेडल हवेची गळती दाखवितें, खालीं जाणारें पेडल तेलाची. दुसऱ्या प्रकारांत बूस्टर बदलून कांहीं उपयोग नाहीं. मास्टर सिलिंडरची व चाकांपर्यंतच्या नळ्यांची तपासणी त्याच दिवशीं झाली पाहिजे.

कानाचा उपयोगहि थोडा नव्हे. पेडल दाबतांच क्षणभर "फुस्" असा आवाज आला तर तो आंत शिरणाऱ्या हवेचा, अगदीं स्वाभाविक. पेडलास पाय न लावतां, किंवा दाबून स्थिर धरल्यावरहि तो चालूंच राहिला, तर डब्याच्या मागील दारांत अथवा पडद्यांत खोड आहे. पेडल धरून ठेवलें असतां इंजिन अडखळूं लागलें, थरथरलें किंवा बंद पडूं लागलें, तर तीहि तीच खूण. फाटक्या पडद्यांतून जादा हवा इंजिनांत जाऊन पेट्रोलाचें प्रमाण बिघडवीत असते. नळीच्या सांध्यांशीं कान नेण्यापेक्षां हातभर लांबीच्या रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें सांध्यांवरून फिरवावें. मात्र पंखा व पट्टा यांपासून नळी, बाही आणि पदर दूर ठेवावेत.

सायकलच्या ट्यूबचें पंक्चर साबणाच्या पाण्यानें शोधण्याची संवय असल्यामुळें पुष्कळजण येथेंहि साबणाचा फेस लावून बसतात. येथें बुडबुडा येत नाहीं. ट्यूबमधून हवा बाहेर पडते, येथें ती आंत जाते; फेस छिद्रांतून ओढला जाऊन नाहींसा होतो आणि शोधणारा म्हणतो कीं गळती नाहीं. उदबत्तीचा धूर सांध्याकडे ओढला जातो का, हें पाहण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं सांगतात. पेट्रोल खेळणाऱ्या यंत्राजवळ निखारा नेण्याची ही युक्ति ज्यानें काढली त्याच्या धैर्याचें कौतुक करावें, अनुकरण करूं नये.

एकमार्गी झडपेची परीक्षा तोंडाच्या फुंकरीनें होते. इंजिन बंद करून, पेडल पांच-सहा वेळां दाबून पोकळी संपवावी व झडप काढून स्वच्छ पुसावी. डब्याकडील तोंडांतून फुंकलें तर हवा पार गेली पाहिजे. इंजिनाकडील तोंडांतून फुंकलें तर अडली पाहिजे. दोन्हींकडून गेली किंवा दोन्हींकडून अडली तर झडप बदलावी. ती स्वस्त वस्तु आहे, आणि पुष्कळ वेळां सगळ्या रोगाचें मूळ तीच असते. बसवितांना तिच्यावरील बाणाची दिशा पहावी. उलटी बसविलेली झडप नव्या डब्यासहि निरुपयोगी करते. झडप काढलेलीच असतां डब्याच्या तोंडांत कोरडी चिंधी फिरवून पहावी. तिला ब्रेकचें तेल लागलें, तर मास्टर सिलिंडरची मागील रबरी कडी गळत आहे आणि डबा तें तेल पीत आहे. टाकींतील तेल उतरतें पण जमिनीवर थेंब दिसत नाहीं, असें कोडें ज्यांना पडतें त्यांचें उत्तर कित्येकदां येथें सांपडतें. हें तेल पडद्याचें रबर फुगवून खराब करतें.

यापुढील काम मापकाचें व मिस्त्रीचें. नळीच्या मध्यें टी-जोड घालून मापक बसवावा. इंजिन गरम होऊन संथ चालत असतां समुद्रसपाटीस १७ ते २१ इंच, आणि धाराशिवच्या उंचीवर त्याहून दोनएक इंच कमी, असा कांटा स्थिर राहावा. इंजिन थांबविल्यावर अर्ध्या मिनिटांत तो फार तर एखादा इंच उतरला तर ठीक. नेमकी मर्यादा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली असते व तीच प्रमाण मानावी. कांटा भराभर पडूं लागला तर मापक व डबा यांमधील रबरी नळी गुळगुळीत जबड्याच्या चिमट्यानें दाबून पुन्हां पहावें. आतां पडणें थांबलें तर गळती डब्यांत. तरीहि चालूं राहिलें तर झडपेंत किंवा जोडांत. एक गोष्ट मात्र मिस्त्रीहि कधीं कधीं विसरतो. झडप डब्याच्या तोंडांतच बसविलेली असेल, तर मापक तिच्या इंजिनाकडील बाजूस येतो, आणि इंजिन थांबतांच कांटा शून्यावर जातो. तो गळतीचा पुरावा नव्हे. अशा गाडींत मापकापेक्षां दुसऱ्या व तिसऱ्या परीक्षेवर अधिक विसंबावें.

डिझेल इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या हवेच्या वाटेंत पेट्रोल इंजिनासारखी अडवणूक नसते, म्हणून तेथें ओढ उत्पन्न होत नाहीं. त्यासाठीं स्वतंत्र पंप लावलेला असतो. कित्येक जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर बसविलेला असून इंजिनाच्या तेलावर चालतो. खेड्यापाड्यांतून माणसें वाहून नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या गाड्यांचा ब्रेक जड झाला, तर डब्याआधीं या पंपाकडे व त्याच्या तेलाच्या नळीकडे पहावें. एस. टी. च्या बसगाड्यांचा व मोठ्या मालट्रकांचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. वरील परीक्षा त्यांना लागू नाहींत.

गळती बहुधा नळींत सांपडते, आणि त्याचीं कारणें घरगुती असतात. मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. त्यांत इंजिनाची धग. रबर वाळतें, टोकांशीं चिरा पडतात, आणि क्लिप कितीहि आवळली तरी चिरेवाटे हवा जातेच. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडींत उंदीर शिरतात. गणरायाचें वाहन म्हणून त्यांना कोणी कांहीं म्हणत नसलें तरी नळी मात्र बदलावी लागते. ती बदलतांना पाण्याची किंवा पेट्रोलची साधी नळी बसवूं नये. आंतून ओढ लागली कीं मऊ नळी चेपून मिटते, व नवी नळी असूनहि ब्रेक जड राहतो. जाड भिंतीची, ब्रेकच्या निर्वातासाठीं म्हणून मिळते तीच नळी घ्यावी. डब्याचा पडदा फाटला असेल तर डबा उघडून ठिगळ लावण्याच्या भरीस पडूं नये. संबंध डबाच बदलतात, आणि त्यांत कंजुषीला जागा नाहीं.

आतां प्रश्न राहिला तो घाटांतच पेडल दगड झालें तर काय करावें याचा. पेडल पुन:पुन: दाबून-सोडून पहावें ही जुनी शिकवण तेलाच्या दोषास उपयोगी पडते, येथें ती घातक आहे, कारण दर वेळीं पाय उचलला कीं उरलेली पोकळी खर्च होते. पेडल एकदांच, सर्व जोर लावून, लागल्यास दोन्ही पायांनीं दाबावें आणि सोडूं नये. चाकांचा ब्रेक शाबूत असतो. तो अधिक बळ मागतो, इतकेंच. बरोबरच गिअर खालचा टाकावा, आणि हँडब्रेक हळूहळू ओढीत जावा. एकदम ओढल्यास मागील चाकें अडकून गाडी आडवी होण्याचा संभव असतो. इंजिन बंद केलेलें असेल तर चावी पुन्हां चालूं स्थितींत आणावी, गिअर टाकून क्लच सोडावा. चाकांनीं इंजिन फिरूं लागलें कीं ओढ परत येते व पेडल मऊ होतें. चावी मात्र काढूं नये. ती काढली तर सुकाणूहि अडकून बसतें.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आतां या सडकांवरहि दिसूं लागल्या आहेत. त्यांना ओढ देणारें इंजिनच नाहीं. कित्येकांत त्यासाठीं विजेचा लहान पंप बसविलेला असतो, तर कांहींत निर्वाताचा डबा काढून टाकून विजेच्या मोटरीकडूनच दांडा रेटविला आहे. ज्यांत पंप आहे त्या गाडींत ब्रेक दाबल्यावर थोडा वेळ घरघर ऐकूं येते व थांबते. पेडलास कोणी हात-पाय लावीत नसतां ती घरघर थोड्याथोड्या वेळानें पुनः सुरू होऊं लागली, तर हवा कोठून तरी आंत येत आहे आणि पंप ती उपशीत बसला आहे, असें समजून गाडी दुकानांत न्यावी.